पंधराव्या महिन्याची लस तेराव्या महिन्यात दिली तर?

प्रश्न : माझा मुलगा साडेबारा महिन्यांचा आहे. नवव्या महिन्यात त्याला खासगी दवाखान्यात एमएमआरची (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांविरुद्धची) पहिली लस दिली. तीन आठवड्यांनी दिराच्या लग्नासाठी सासरच्या गावी जायचे आहे आणि तिथे आमच्याच आळीतल्या दोन मुलांना गोवर आल्याचे जाऊबाईंनी कळवले आहे. पंधराव्या महिन्याचा डोस आत्ताच देऊन टाकू, असे डॉक्टर म्हणतात. सासूबाईंच्या मते वेळेआधी दिलेली लस फुकट जाते. आम्ही काय करावे? आणि लवकर द्यायचीच असेल, तर बाकीचे बूस्टरही याच वेळी उरकून घ्यावेत का? जाऊबाईंचे बाळ सात महिन्यांचे आहे, त्याचीही काळजी वाटते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत न थांबता ती याच आठवड्यात देऊन घ्यावी.

सासूबाईंचे म्हणणे मात्र मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. फक्त ते तुमच्या मुलाच्या वयाला लागू पडत नाही. आईकडून पोटात असतानाच बाळाला गोवरविरोधी प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिने) मिळतात आणि ती पहिले काही महिने त्याच्या रक्तात टिकतात. ती बाळाला सांभाळतात हे खरे, पण गोवराची लस म्हणजे जिवंत, दुबळा केलेला विषाणू असल्यामुळे तीच प्रतिपिंडे लसीलाही निष्प्रभ करू शकतात. म्हणूनच नवव्या महिन्यात लस घेतलेल्या १०० बाळांपैकी सुमारे ८५ बाळांनाच पुरेसे संरक्षण मिळते, आणि वर्ष उलटल्यावर दिलेल्या लसीने हा आकडा ९५च्या आसपास जातो. तरीही आपण नवव्या महिन्यात लस देतो, कारण आपल्याकडे गोवर वर्षाच्या आतल्या बाळांनाही गाठतो आणि त्या वयात त्यामागून येणारा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो.

आता दुसऱ्या डोसाकडे पाहू. बोलीत आपण सगळ्यालाच बूस्टर म्हणतो, पण बूस्टर म्हणजे आधी तयार झालेली प्रतिकारशक्ती पुन्हा वाढवणारा डोस, आणि गोवराचा दुसरा डोस त्या अर्थाने बूस्टर नाही. पहिल्या डोसाने ज्या १५ बाळांना संरक्षण मिळाले नाही, त्यांच्यासाठी तो मुख्यतः असतो. आणि तुमचा मुलगा ८५ जणांत आहे की १५ जणांत, हे त्याच्याकडे पाहून कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे पाहायचे ते एवढेच, की मूल १२ महिन्यांचे पूर्ण झाले आहे का आणि आधीच्या डोसानंतर किमान २८ दिवस गेले आहेत का. तुमच्या बाबतीत दोन्ही उत्तरे होकारार्थी आहेत. हा डोस दुसरा डोस म्हणूनच धरला जाईल, पंधराव्या महिन्यात पुन्हा द्यावा लागणार नाही, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढचा डोस ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान येईल. मूल दहा-अकरा महिन्यांचे असते, तर मात्र तो जादा डोस समजून वर्षानंतरचा डोस वेगळा द्यावाच लागला असता. शासकीय वेळापत्रकात दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असल्याने सरकारी केंद्रातल्या सिस्टर कदाचित नंतर यायला सांगतील. तसे झाल्यास तुमच्या डॉक्टरांकडेच लस घ्यावी.

साथीच्या वेळी असा निर्णय शासनानेही घेतला आहे. २०२२च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली, तेव्हा बाधित भागांतल्या ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना नेहमीच्या डोसांखेरीज एक जादा डोस द्यावा, असे केंद्राने सुचवले होते.

बाकीचे बूस्टर उरकण्याची घाई मात्र करू नये. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांविरुद्धच्या लसीचा) बूस्टर खऱ्या अर्थाने बूस्टर आहे: आधीच्या तीन डोसांनी शरीराला दिलेली ओळख मुरायला वेळ द्यावा लागतो, म्हणून तिसऱ्या डोसानंतर किमान ६ महिन्यांचे अंतर ठेवतात. तो ठरल्या वेळीच, म्हणजे १६व्या महिन्यानंतर द्यावा. कांजण्यांची लस द्यायची असेल, तर ती एमएमआरच्याच दिवशी द्यावी किंवा मध्ये २८ दिवस जाऊ द्यावेत, कारण दोन्ही लसी जिवंत विषाणूंच्या आहेत.

लस आत्ताच घेण्यात आणखी एक सोय आहे. एमएमआरचा ताप त्याच दिवशी न येता बहुधा ७ ते १२ दिवसांनी येतो, कधी अंगावर पुसटसे पुरळही उठते. म्हणजे ते दिवस तुमच्या घरीच निघून जातील आणि लग्नाच्या गर्दीत तापलेले मूल कडेवर घेऊन फिरण्याची वेळ येणार नाही. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नये. मात्र मुलाला अलीकडे रक्त चढवले असेल, स्टिरॉइडची औषधे चालू असतील किंवा प्रतिकारशक्तीचा एखादा आजार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे.

जाऊबाईंच्या बाळाची काळजी मला अधिक वाटते. ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना शून्य डोस, म्हणजे नेहमीच्या डोसांत न मोजला जाणारा गोवराच्या लसीचा जादा डोस, देण्याचा निर्णय साथीची परिस्थिती पाहून आरोग्य विभाग घेतो, म्हणून त्यांनी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आजच विचारावे. तो डोस मिळाला तरी नवव्या महिन्याची लस चुकवू नये. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच गोवर पसरतो आणि रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. तेव्हा लग्नघरात कोणाचेही मूल तापाने फणफणलेले किंवा डोळे लाल झालेले दिसले, तर त्या खोलीत हे बाळ नेऊ नये, आणि लग्नाच्या दिवशी त्याला मांडवात आणायचे की नाही, हे आत्ताच घरात बोलून ठेवावे.