नववीतला मुलगा, पोर्तुगालची ट्रायल आणि मेस्सीचं उदाहरण

नमस्कार ताई,

डिचोलीहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा 14 वर्षांचा, नववीत, शाळेच्या संघात मिडफिल्डला खेळतो. मेस्सीनं तेराव्या वर्षी घर सोडलं, मग मी दहावी कशाला करू, हा त्याचा हट्ट. ओळखीतले एक गृहस्थ पोर्तुगालला ट्रायल लावून देतो म्हणून दीड लाख आगाऊ मागताहेत. आणि गावच्या स्पर्धा सुरू झाल्यापासून त्याचा गुडघा दुखतोय. पैशांचा निर्णय या आठवड्यात घ्यायचा आहे, म्हणून आधी तेच.

ते पैसे देऊ नका. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमाप्रमाणे 18 वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत आणि तेही कागदोपत्री तपासून मान्य करतात. उदाहरणार्थ, आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले तर. म्हणजे ट्रायल उत्तम झाली तरी मुलगा तिथे अधिकृत सामना खेळू शकणार नाही. मेस्सी अर्जेंटिनातल्या रोझारिओहून स्पेनमधल्या बार्सिलोना क्लबात गेला 2000 साली, आणि हा नियम आला 2001 मध्ये. पुढे 2014 मध्ये याच नियमाच्या भंगासाठी फिफानं खुद्द बार्सिलोनावर नवे खेळाडू घेण्याची बंदी घातली. तिथल्या अकादमीतल्या ली सुंग-वू या कोरियन मुलाला 18 पूर्ण होईपर्यंत सामन्यांविना बसावं लागलं. त्या गृहस्थांकडे दोनच गोष्टी मागा: बोलावणाऱ्या क्लबचं पत्र आणि फिफाचं एजंट लायसन्स. पत्र खरं आहे का, हे क्लबच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः विचारून घ्या.

आता मेस्सीबद्दल. त्याच्या वाढीच्या हार्मोनच्या उपचारांचा खर्च क्लबनं उचलला आणि वडील त्याच्याबरोबर तिथे राहिले. नुसत्या जिद्दीनं घर सोडलेला मुलगा नव्हता तो. मुलासमोर मी फ्रान्सच्या एन्गोलो कान्टे या मिडफिल्डरचं उदाहरण ठेवेन. अंगानं लहान म्हणून मोठ्या अकादम्यांनी त्याला घेतलं नाही. एकोणिसाव्या वर्षापर्यंत तो पॅरिसच्या उपनगरातल्या सुरेन या छोट्या क्लबात खेळत होता, आणि हिशेबनीसाचा डिप्लोमाही त्यानं केला. 2015 मध्ये तो लेस्टर या इंग्लिश क्लबात गेला, 2016 मध्ये त्यांच्याबरोबर इंग्लंडची लीग जिंकला आणि 2018 मध्ये फ्रान्सबरोबर विश्वचषक. इंग्लंडच्या जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडे या क्लबनं सोडून दिलं. तो कारखान्यात काम करत खालच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि पंचविसाव्या वर्षी लेस्टरला पोचला. आपल्याकडे ब्रह्मानंद शंखवाळकर आणि ब्रुनो कुतिन्हो गोव्यातल्या क्लबांतून खेळत अर्जुन पुरस्कारापर्यंत गेले. चौदाव्या वर्षी सगळं पणाला लावलंच पाहिजे असं नाही, हे त्याला या माणसांकडे बघून पटेल.

दहावी-बारावी सोडायची नाही, यावर मी ठाम आहे. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधून एकदम बाहेर पडले. 2025 मध्ये व्यावसायिक करार लटकल्यानं आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. चांगल्या खेळाडूलासुद्धा असे बिनसामन्यांचे महिने काढावे लागतात. बारावी हाती असेल तर क्रीडा कोट्यातली नोकरी, फिजिओथेरपी, किंवा प्रशिक्षकाच्या डी लायसन्सपासून पुढे एएफसीच्या (आशियाई फुटबॉल महासंघाच्या) सी, बी, ए अशा पायऱ्या, हे सगळं खुलं राहतं. गोवा बोर्डाच्या क्रीडा गुणांसाठी शाळेमार्फत खेळलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेवा.

गुडघ्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. वाटीच्या खाली दोन बोटांवर, नडगीचं हाड सुरू होतं तिथे, दाबून बघा. टेंगूळ लागतं आणि दाबल्यावर कळ येते का? या वयात हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू त्या मानानं आखूड पडतो आणि त्याची दोरी हाडाच्या कोवळ्या टोकाला सतत ओढत राहते. ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून खात्री करून घ्या. तेच निघालं तर उड्या आणि जोराच्या धावा काही आठवडे कमी कराव्या लागतील. बहुधा शाळा, क्लब आणि मळ्यातले सामने मिळून त्याचं खेळणं फार होतंय. आठवड्याचे एकूण तास वयाच्या आकड्याच्या वर नकोत, म्हणजे त्याच्यासाठी 14, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. दुखणं थांबल्यावर सरावाआधी ‘फिफा 11+’ चा वॉर्म-अप आठवड्यातून किमान दोनदा करू दे: 8 मिनिटं धावणं, 10 मिनिटं ताकद आणि तोल, 2 मिनिटं वेगानं धावणं. मुलं मधली 10 मिनिटं गाळतात, आणि दुखापत टाळण्याचं बरंचसं काम तिथेच होतं.

खेळातला दर्जा कळायला घरचाच मोबाइल पुरे. साइडलाइनवरून 10 मिनिटं फक्त त्याचाच व्हिडिओ घ्या, चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवू नका. मग मोजा: चेंडू पायाशी येण्याआधी त्यानं मान वळवून खांद्यामागे किती वेळा पाहिलं? बार्सिलोनाचा मिडफिल्डर झावी हे सतत करायचा. मिडफिल्डरमध्ये स्काऊट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारी माणसं, हे बघतात, कारण ज्यानं आधी पाहिलंय त्याचा पहिलाच स्पर्श मोकळ्या बाजूला पडतो. न पाहणारा मुलगा चेंडू थांबवतो, मग मान वर करतो, आणि तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. हे शिकवून येतं, आणि 14 हे त्यासाठी चांगलं वय आहे.

ट्रायलसाठी गोव्याबाहेर जायची आत्ता गरज नाही. वयोगटाच्या लीगमध्ये खेळणाऱ्या इथल्या क्लबांकडे चौकशी करा. फॉर्मवर सही करण्याआधी तो किती काळासाठी आहे ते वाचा. नोंदणी एका क्लबकडे झाली की दुसरीकडे जायला रीतसर ट्रान्सफर लागतो. वयोगटाच्या स्पर्धांत वयाची तपासणी कडक असते, मनगटाचा एक्स-रेसुद्धा काढतात. म्हणून जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हींत नाव, आडनाव आणि तारीख अक्षरशः एकसारखी आहे ना, हे आधी बघा. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच करा. त्याला वेळ लागतो, आणि ट्रायलची तारीख तेवढी थांबत नाही.