कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन किती जुनं आहे? आज तिथून गाड्या सुटतात का?

हो, सुटतात, आणि चांगल्या गजबजलेल्या. मिरज–कोल्हापूर मार्ग 1891 साली सुरू झाला, तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं. सुरुवातीला लाइन मीटरगेज (अरुंद रुळांची) होती, त्यामुळे मुंबईचा थेट प्रवास ब्रॉडगेज (रुंद रूळ) झाल्यावरच, म्हणजे 1971 च्या सुमारास, शक्य झाला.

आता नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. इथून मुंबईला महालक्ष्मी आणि कोयना, तिरुपतीला हरिप्रिया जाते. 2024 पासून पुण्याची वंदे भारतही आहे. टर्मिनस म्हणजे रूळ इथेच संपतात; कोकणात उतरायला गाडी नाही. वैभववाडीपर्यंतच्या मार्गाची चर्चा मात्र कोल्हापूरकर कित्येक वर्षं ऐकतायत. तोवर घाट एसटीनेच उतरायचा!