लेक मिशिगनवर मासेमारीसाठी १९ फुटी बोट घेतली आहे, दोन डाउनरिगर (जड बॉल केबलने खाली सोडून आमिष खोल नेणाऱ्या चरख्या) आहेत. एकेका डाउनरिगरवर दोन-तीन लाइन चालवायला कोणत्या अ‍ॅक्सेसरीज घ्याव्यात?

एकाच केबलवर वरची दुसरी लाइन धरणाऱ्या स्टॅकर क्लिपच्या दोन जोड्या घ्या, डाउनरिगरखाली फिरणारे स्विव्हल बेस घ्या, बाकीचे पैसे पेट्रोलला ठेवा. झालं उत्तर. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही "जास्त लाइन म्हणजे जास्त मासे, बरोबर ना?" असं सहज लिहून गेलात आणि मला आमचे साडू आठवले. आता सगळंच ऐका.

साडू ग्रँड रॅपिड्सला, आम्ही कलामाझूला. बोट दोघांत मिळून आहे, म्हणजे हप्ते निम्मे-निम्मे आणि सूचना सगळ्या त्यांच्या. माणूस लाखातला, पण दुकानात शिरला की रिकाम्या हाताने बाहेर येत नाही. सात वर्षांपूर्वी ऑगस्टात आम्ही लेकच्या काठच्या लडिंग्टनहून निघालो. साडू, मी आणि माझा मुलगा, तेव्हा बारा वर्षांचा. वरचं पाणी ७० फॅरनहाइट, खाली सत्तरेक फुटांवर ५२. चिनूक सॅमन त्या थंड पट्ट्यात उतरून बसलेला. मिशिगनात माणशी तीन रॉडची मुभा आहे, म्हणून साडूंचा आग्रह नऊचा. नऊ काही मावेनात, आठ लागले. दोन्ही डाउनरिगरवर दोन-दोन लाइन, दोन बाजूंना लाइन खाली ओढणारे डिप्सी डायव्हर, त्यापलीकडे लाइन बोटीपासून लांब नेणाऱ्या प्लेनर बोर्डवर दोन लेडकोर, म्हणजे शिशाच्या गाभ्याच्या लाइन, आणि शिवाय खालच्या दोन लाइनवर एकेक स्लायडर, म्हणजे लाइनवर सरकणारं जादा आमिष. मागून पाहिलं असतं तर बोट कसली, मांडव बांधायला घेतलाय असंच वाटलं असतं.

माझे वडील मालवणचे. सुरमईसाठी होडी चालती ठेवून मागे गरी ओढायचे, दोरी अंगठ्याला गुंडाळलेली. रॉड नाही, रीळ नाही. म्हणायचे, "एकच गरी घाल, पण ती तुझ्या बोटात जिवंत रवाक होयी." त्या सकाळी ते वाक्य मी साडूंना ऐकवलं. "तो अरबी समुद्र, हे लेक मिशिगन," एवढंच उत्तर मिळालं.

सव्वासातला समोरून एक बोट आडवी आली. चाक साडूंच्या हातात. त्यांनी डावीकडे जे वळण घेतलं, ते रिक्षावाला स्टँडवर घेतो तसं. अशा वळणात आतल्या बाजूचा वेग मरतो, तिकडची आमिषं खाली बसतात, आणि बाहेरच्या बाजूची जोरात ओढली जातात. डाव्या डाउनरिगरची वरची लाइन सैल पडून खालचीवर बसली. आणि नेमका त्याच वेळी खालच्या लाइनला किंग, म्हणजे चिनूकच, लागला.

तुम्हाला माहीतच आहे, मासा लागला की लाइनला बॉलशी धरणारी क्लिप सुटते आणि वाकलेला रॉड ताडकन सरळ होतो. इथे तो सरळ झालाच नाही. नुसता माना डोलावत राहिला. मी रॉड उचलून लाइन ताणली, वर झटका दिला, पुन्हा दिला. ७५ फुटांवरची क्लिप सोडेना. तेवढ्यात साडूंनी, मला न विचारता, डाउनरिगरचं बटण दाबलं. बारा पौंडांचा बॉल वर यायला लागला आणि त्याच्याबरोबर स्टॅकर, दुसरी लाइन, स्लायडर, चमकणारा फ्लॅशर, असं सगळं एकाच मोळीत. मासा केबलभोवती फिरत होता. पाण्याखाली चांदीच्या परातीसारखी त्याची कूस दिसली, एकदा, दोनदा. मग लीडर, म्हणजे आमिषाजवळचा लाइनचा तुकडा, तुटला. वीस पौंडांचा असेल. साडूंच्या हिशोबात तो दर वर्षी वाढतो, सध्या तीस आहे.

त्यानंतर दोन तास आम्ही गुंता सोडवला. डब्यात थालीपिठं तशीच. मुलगा एका नखाने गाठ उकलत होता, मान वर न करता म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी दोनच लावू या?"

तेव्हापासून दर गणपतीत, आरती झाली की हा विषय निघतोच. साडूंचं म्हणणं, क्लिप माझी, ती अडकली म्हणून मासा गेला. माझं म्हणणं, वळण त्यांचं, ते चुकलं म्हणून गेला. दोघी बहिणी तोवर स्वयंपाकघरात निघून जातात.

तर तुमचा प्रश्न. स्टॅकर घ्या म्हटलं, कारण त्यात खोली तुमच्या हातात राहते: एक चिमटा केबलला, दुसरा लाइनला, बॉलच्या वर निदान दहा-पंधरा फुटांवर. स्लायडर स्वस्त आहे, सहा फुटी लीडर आणि दोन स्नॅप स्विव्हल, पण लाइनला पाण्यात जो झोळ पडतो त्यात तो मनाला येईल तिथे, साधारण निम्म्या खोलीवर, थांबतो. थंड पट्टा खाली असताना त्याचा उपयोग काय? साडू म्हणतील त्यावर कोहो सॅमन लागतो. लागतो, जूनमध्ये. वरच्या लाइनचं आमिष मी मागे कमी सोडतो, खालचं जास्त. आणि एका डाउनरिगरवर तिसरी लाइन घालायच्या भानगडीत १९ फुटी बोटीवर पडूच नका. तिसरी लाइन हवी असेल तर तिसरा माणूस आणा, ज्याला मासा लागल्यावर बाकीचे रॉड गुंडाळायचं कळतं.

स्विव्हल बेस कशासाठी, तर धक्क्याला लागताना डाउनरिगरचा हात आत वळवता येतो, नाहीतर एक दिवस तो खांबाला आपटून मोडेल. केबल मोजणाऱ्या काउंटरवर ८० फूट दिसलं म्हणजे बॉल ८० वर आहे असंही समजू नका. अडीच मैलांच्या वेगाला केबल मागे ढकलली जाते आणि बॉल त्याहून वरच असतो. जड बॉल घ्या, पैसा तिथे घाला.

क्लिपचा ताण मात्र स्वतः हाताने ओढून बघितल्याशिवाय बॉल खाली सोडू नका. फार घट्ट असेल तर हातभर लांबीचं माशाचं पोरगं अर्धा तास मागे फरफटतं आणि तुम्हाला पत्ता नाही. मी तर क्लिपमध्ये लाइन थेट धरतच नाही. लाइनला पातळ रबराची गाठ मारतो आणि रबर क्लिपमध्ये. मासा ओढतो, रबर तुटतं, क्लिपला सुटायची गरजच नाही. त्यासाठी कोथिंबिरीच्या जुडीचं रबर उत्तम. आमच्या घरी त्याचा डबा भरलेला असतो, बायको दर आठवड्याला भर घालते.

हो, नियम स्वतः वाचा. मिशिगनात रॉड तीन असले तरी माणशी आमिषं सहाच, स्लायडर लावलात की ती मोजणीत येतात. आणि पाणी उसळत असेल तर यातलं काहीही करू नका, दोन लाइन आणि चहा.

रबर लिहिता लिहिता आठवलं म्हणून सांगतो. त्या दिवशी पातळ रबरं संपली होती. खालच्या लाइनला ब्रोकोलीचं निळं, जाड रबर मीच लावलं होतं. गुंता सोडवताना ते लाइनवर तसंच सापडलं, अख्खं. मी कापून खिशात टाकलं. साडू मराठी टायपिंग शिकलेले नाहीत आणि इथे येत नाहीत, तेव्हा काळजी नाही. पण वळण जोराचंच होतं.