पिकअपला स्वस्तातला कस्टम सायलेन्सर : चलान, पासिंग आणि गायब झालेला कन्व्हर्टर

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी बीएस-६ पिकअप आहे. मी स्वतःच चालवतो, भाजीपाल्याची भाडी मारतो. चढाला गाडी ओढेना, म्हणून गॅरेजमध्ये नेली. ‘सायलेन्सर चोक झालाय, कंपनीचा महाग पडेल, ६,५०० मध्ये कस्टम पाइप करून देतो, पिकअपही वाढेल’ असे गॅरेजवाला म्हणाला. करून घेतला. आता आवाज भयंकर येतो, मीटरमधला इंजिनचा दिवा विझत नाही, पीयूसीला गाडी फेल झाली आणि चलानही आले. जुना सायलेन्सर मागितला, तर म्हणतो ‘भंगारात गेला’. वर ‘आणखी २,००० द्या, आवाज कमी करणारा डबा जोडतो’ म्हणतो. पुढच्या महिन्यात पासिंग आहे. स्वस्तात काय बसवू? आणि या माणसाचे काय करू? (एक वाचक, बारामती तालुका)

उत्तर : ते २,००० रुपये देऊ नका. डबा जोडून आवाज कमी होईलही, पण तुमची खरी अडचण आवाजाची नाही. बीएस-६ पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. विषारी वायू तोच निवळतो आणि त्याच्या पुढे-मागे बसवलेले ऑक्सिजन सेन्सर त्याच्यावर लक्ष ठेवतात. दिवा विझत नाही आणि पीयूसी होत नाही, यावरून तुमचा कन्व्हर्टर काढला गेलाय असे दिसते. पीयूसीला अशा गाडीचे आयडलिंगचे (गाडी उभी, इंजिन चालू असतानाचे) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागते. कन्व्हर्टर नसेल तर ट्यूनिंग कितीही करा, ते जमणे कठीण.

आवाज आणि धूर यांना कायद्यात वेगवेगळे नियम आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० सायलेन्सरचा, नियम ११५ धुराचा. गॅरेजवाले छातीठोकपणे सांगतात की ‘आरसीवर सायलेन्सर लिहिलेला नसतो, मग बदल कसला?’ आरसीवर गाडी बीएस-६ असल्याची नोंद असते, हे ते विसरतात. कन्व्हर्टर काढलेली गाडी त्या नोंदीला धरून राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ(४) मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितले आहे. म्हणजे काम गॅरेजवाल्याने केले तरी मान अडकते तुमची. याचा मला मनापासून राग येतो, पण कायदा तसा आहे.

आता चलान नीट वाचा. रकमेपेक्षा त्यावरचे कलम महत्त्वाचे. मोटार वाहन कायद्याचे १९४फ असेल, तर सायलेन्सरला बगल देऊन धूर बाहेर सोडल्याचा आरोप आहे. पहिल्या वेळी दंड १,००० रुपये. १९०(२), म्हणजे आवाज-धुराच्या मानकांचा भंग, असेल तर प्रकरण जड. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय पहिल्याच गुन्ह्याला तीन महिने लायसन्स अपात्र ठरू शकते. तुमचे पोट स्टिअरिंगवर आहे, तीन महिने घरी बसणे दंडापेक्षा महागात पडेल. कलम २०० खाली तडजोड शुल्क भरून हे प्रकरण मिटवता येते. ते लोकअदालतीपर्यंत लोंबकळत ठेवू नका. दुसऱ्यांदा सापडलात तर तो पुढचा गुन्हा धरला जातो. दुरुस्ती होईपर्यंत भाडे मारू नका.

काय बसवायचे, ते मागचा कोणता भाग गेलाय यावर ठरेल. केवळ मागचा डबा सडला असता, तर कन्व्हर्टरला हात न लावता कंपनीच्या मापाचा, बिलासह मिळणारा डबा बदलणे हा कायदेशीर आणि खिशाला परवडणारा मार्ग होता. तुमचा कन्व्हर्टरच गेला असेल, तर तुमच्या मॉडेलचा कन्व्हर्टरसह सायलेन्सर घ्यावाच लागेल. त्याला स्वस्त पर्याय मला दिसत नाही. जुना खरेच चोक झाला होता का, आणि झाला असेल तर कशाने, हे आधी तपासून घ्या. इंजिन मिसफायर करत असेल किंवा ऑइल जाळत असेल, तर नवाही तसाच बाद होईल.

भंगार बाजारातून ‘ओरिजिनल, जुना’ उचलू नका. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते. मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या, त्या याच धातूंसाठी. बिल नसलेला माल चोरीचा निघाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चौकशी तुमच्या दारात येईल.

तुमचा ‘भंगारात गेलेला’ सायलेन्सर पत्र्याच्या भावाने गेला नसणार, हेही यावरून लक्षात येईल. दुरुस्तीला दिलेली वस्तू तुमचीच राहते. करार कायद्याच्या कलम १६० प्रमाणे ती परत करणे गॅरेजवाल्याचे काम. मजुरी बाकी असती तर अडवून ठेवायचा हक्क त्याला होता. तुम्ही पैसे चुकते केलेत. न विचारता विकला असेल तर तो विश्वासघात आहे, न्याय संहितेचे कलम ३१६. पोलीस ‘दिवाणी मामला’ म्हणून हात झटकतील, म्हणून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते.

मात्र नवा सायलेन्सर बसवण्यापूर्वी पुरावा बांधा. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि जॉबकार्डावर ‘कन्व्हर्टर नाही, बाहेरचा वेल्डिंग केलेला पाइप’ असे लिहून घ्या. वेल्डिंगच्या जागेचे आणि पेटलेल्या दिव्याचे फोटो काढा. फेल झालेल्या पीयूसीची पावती, पैसे पाठवल्याची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे जपून ठेवा. जुना पाइप एकदा उतरला की ग्राहक आयोगापुढे दाखवायला काही उरत नाही.

मग स्पीड पोस्टाने नोटीस द्या : पंधरा दिवसांत सायलेन्सर परत करा किंवा कन्व्हर्टरसह नव्याची किंमत, मजुरी आणि बुडालेली भाडी भरून द्या. उत्तर आले नाही तर ग्राहक आयोग. गाडी व्यवसायाची असली तरी स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक कायदा २०१९ प्रमाणे ग्राहकच असतो. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालते, एवढ्या रकमेला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

एक गोष्ट खरी सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हीच ‘कन्व्हर्टर काढून टाक’ असे लिहिले आहे का? लिहिले असेल तर बेकायदा काम तुमच्याच सांगण्यावरून झाले, असा बचाव तो घेईल आणि मजुरी परत मिळणे अवघड होईल. सायलेन्सरवरचा तुमचा हक्क मात्र त्याने जात नाही. नोटीस काढण्यापूर्वी ते सगळे मेसेज वकिलाला दाखवा, काहीही डिलीट करू नका. नवा सायलेन्सर बसला की आधी पीयूसी काढा आणि पासिंगला जाताना ती आणि खरेदीचे बिल, दोन्ही गाडीत ठेवा.