वाटी बदलली, पण सूज उतरेना

प्रश्न : आईच्या (वय 64) उजव्या गुडघ्याची वाटी चार महिन्यांपूर्वी बदलली. टाके छान भरले, एक्स-रेही ठीक आहे. तरी संध्याकाळी गुडघा सुजतो, हाताला गरम लागतो. आई महिन्याभरापासून पुन्हा विड्या वळायला बसते. शेजारच्या मावशी तेलाने रगडून शेकायला सांगतात. काय करावं?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : सकाळी गुडघा कसा असतो, हे तुम्ही लिहिलं नाही आणि मेख तिथंच आहे. वाटीच्या मध्यावरून टेपने घेर मोजा, उठल्याउठल्या आणि रात्री, दोन आठवडे. वहीत लिहा. रात्री वाढलेला घेर सकाळी उतरत असेल, तर ही बहुधा कामाची सूज. या ऑपरेशननंतर सूज आणि गरमपणा तीन ते सहा महिने, काहींना वर्षभरही राहतो. आपण ‘वाटी बदलली’ म्हणतो खरं, पण आत मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं कापून त्यांवर धातू बसवलेला असतो, मध्ये प्लॅस्टिक. वरचे टाके भरले म्हणून आतलं सगळं भरलं असं नाही.

आधी बैठक बदला. जमिनीवर मांडी घालून वळणं बंद. विड्यांचं सूप टेबलावर, खुर्ची हातांची, 18 ते 20 इंच उंच. दर अर्ध्या तासाला उठून पाच मिनिटं चालावं. खुर्चीत पाय लोंबत ठेवले तरी सूज खाली पायात साचतेच. दुपारी अर्धा तास आडवं पडून पाय छातीपेक्षा वर ठेवावा. उशी टाचेखाली घ्या, गुडघ्याखाली नको. तिथं बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग सरळ होईना.

बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मावशींचा रगडा आणि शेक दोन्ही नको, आधीच तापलेला सांधा त्याने आणखी फुगतो. व्यायाम दहा-दहा मिनिटं, तीन वेळा. त्याचं दुखणं दोनेक तासांत निवावं. दुसऱ्या सकाळी सूज जास्त दिसली तर निम्मा करा, बंद करू नका. गुडघा अजून 90 अंशांपर्यंतही वाकत नसेल, तर सर्जनना दाखवा. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून रोज देऊ नका. साखर किंवा बीपी असेल तर किडनीला फार जड जातात.

सकाळीही घेर तेवढाच, बसल्या जागी ठणका, ताप, व्रणातून पाणी, किंवा बरा झालेला गुडघा पुन्हा दुखू लागणं, यांपैकी काही असेल तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते. एक्स-रे सुरुवातीला हे दाखवत नाही. त्यासाठी सीआरपी, ईएसआर या रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडल्यास सांध्यातलं पाणी काढून तपासणी. कोणी ‘बघू या’ म्हणून अँटिबायोटिक दिलं तर सर्जनना विचारल्याशिवाय सुरू करू नका. मग पाण्यात जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबतं. पोटरी अचानक सुजून दुखली तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे पाहायला डॉप्लर सोनोग्राफी त्याच दिवशी. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ.

प्रश्न : ऑपरेशनला पाच महिने झाले. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, चालताना टकटक आवाज येतो.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चीर देताना त्वचेच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे बधिरपणा. तो आक्रसत जातो. छोटा ठिपका कायमही राहतो. आवाज धातू प्लॅस्टिकला टेकण्याचा. दुखत नसेल तर सोडून द्या. आवाजाबरोबर गुडघा निसटल्यासारखा वाटला, तर मात्र दाखवा.