कॅमकॉर्डरचे व्हिडिओ लहान करताना

घाबरू नका, काम सोपं आहे. मिनीडीव्हीची (जुन्या कॅमकॉर्डरमधली छोटी डिजिटल कॅसेट) तासाभराची टेप कॉम्प्युटरवर साधारण १३ जीबी होते. ती तशीच वेबसाइटवर चढवायला जाऊ नका. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात फाइलचा प्रकार एमपीफोर, व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत एच.२६४ आणि क्वालिटी आरएफ (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा) २० ते २२ ठेवा. बाकी सेटिंगना तूर्त हात लावू नका.

डीइंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींत साठवलेलं चित्र सलग करणं, मात्र विसरायचं नाही. नवखे हमखास इथेच फसतात. लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीत ढोलावर पडणाऱ्या टिपरूच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसल्या, की समजा ते राहिलंय.

टेपवरचं ७२० बाय ५७६ पिक्सेलचं चित्र ताणून एचडी करू नका, नुसती फाइल फुगते. आधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा करून मोबाइलवर बघा. आणि मूळ फाइल पुसायची नाही, डिस्क कितीही भरू दे.