अमेरिकन फुटबॉलमध्ये लाँग स्नॅपर नेमकं करतो काय, आणि त्याची कारकीर्द इतकी लांब कशी चालते?

काम एकच. वाकायचं आणि दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा. पंटसाठी, म्हणजे लाथ मारून चेंडू दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडताना, साधारण १५ यार्ड, तेही पाऊण सेकंदाच्या आत. फील्ड गोलसाठी, म्हणजे खांबांमधून किक मारून गुण मिळवताना, ७-८ यार्ड. फेकून डोकं वर करेपर्यंत समोरचा धिप्पाड गडी अंगावर आलेला असतो, त्यालाही थोपवायचं.

सामन्यात जेमतेम दहाएक वेळा मैदानात उतरायचं, त्यामुळे शरीराची झीज कमी. लाँग स्नॅपर पॅट्रिक मॅनेली १९९८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सहाव्या फेरीत निवडला गेला आणि शिकागो बेअर्सकडून १६ हंगाम, २४५ सामने खेळला. क्लबचा विक्रमच तो! पगार मात्र क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूच्या, पासंगालाही पुरत नाही.

नाव होतं ते चुकल्यावरच. लाँग स्नॅपर ट्रे जंकिन निवृत्त झाला होता. जानेवारी २००३ च्या प्लेऑफसाठी न्यूयॉर्क जायंट्सने त्याला ऐन वेळी बोलावलं. शेवटच्या क्षणी फील्ड गोलसाठी त्याने टाकलेला चेंडू भरकटला, किक झालीच नाही आणि जायंट्स ३९-३८ असे हरले. १९ हंगामांची कारकीर्द, पण लोकांच्या लक्षात राहिला तो एवढा एक चेंडू.